गणित आणि विज्ञानाच्या शिक्षणासाठी शासकीय साहाय्य: इंदूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या एका शासकीय माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील पालक मुलांच्या अभ्यासाविषयी विचारपूस करायला घरी येतात आणि त्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या येथे दिलेल्या नाहीत; त्या शाळेतूनच विचारून घ्याव्यात.

सरकार गणित आणि विज्ञानासाठी नेमके काय देते? पैसे मुलाच्या हाती येतात की शाळेच्या?

दोन्ही प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो. शाळेला मिळणारे साहाय्य मुख्यतः समग्र शिक्षा या योजनेतून येते. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षणाची योजना या तिन्ही एकत्र करून 2018 मध्ये ती सुरू झाली; मध्य प्रदेशात तिचा 60 टक्के खर्च केंद्र सरकार आणि 40 टक्के राज्य सरकार उचलते. राष्ट्रीय आविष्कार अभियान आता याच छत्राखाली चालते. 6 ते 18 वर्षांच्या मुलांमध्ये गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञानाची गोडी निर्माण व्हावी म्हणून 9 जुलै 2015 रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. गणित-विज्ञानाच्या साहित्यपेट्या, विज्ञानमेळे, अभ्याससहली, महाविद्यालयांनी आसपासच्या शाळांना करायचे मार्गदर्शन या सगळ्यासाठी त्यात तरतूद असते. याखेरीज शासकीय शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक एकत्रित अनुदान मिळते. 100 हून अधिक आणि 250 पर्यंत मुले असलेल्या शाळेसाठी ते 50,000 रुपये आहे, तर हजाराहून अधिक मुले असतील तर एक लाख. नादुरुस्त उपकरणे बदलण्याचा खर्चही यातून करता येतो, ही गोष्ट पालकांना सहसा कोणी सांगत नाही.

मुलाच्या स्वतःच्या खात्यात येणारे पैसे म्हणजे शिष्यवृत्त्या आणि पुरस्कार. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

समग्र आयडी आणि समग्र शिक्षा एकच आहे का?

नाही. समग्र आयडी हा मध्य प्रदेश शासनाने प्रत्येक कुटुंबाला आणि त्यातील प्रत्येक व्यक्तीला दिलेला क्रमांक आहे. कुटुंबाचा आठ अंकी असतो, व्यक्तीचा नऊ अंकी. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठी तो लागतो. नावाच्या साम्यामुळे अनेक आजी-आजोबा कुटुंबाचा क्रमांक घेऊन शाळेत येतात आणि शाळेला हवा असतो मुलाचा नऊ अंकी क्रमांक, तेव्हा जाताना दोन्ही सोबत न्यावेत.

शाळेत प्रयोगाचे साहित्य आले आहे असे कळते, पण आमच्या मुलीने ते कधी पाहिलेले नाही. काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण हे मी स्वतः पाहिले आहे. ज्या शाळेत मी काही काळ होतो, तेथे विज्ञानाच्या साहित्याची एक पेटी स्टाफरूममधील कपाटावर दोन वर्षे तशीच पडून होती. पेटीवरची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढली नव्हती. अखेर ती उघडली तेव्हा आतले भिंग, लोहचुंबक, परीक्षानळ्या, तारेची वेटोळी सगळे जागच्या जागी होते. फक्त विजेरीचे सेल गळून गेले होते आणि त्यांचा हिरवट-पांढरा थर शेजारच्या होकायंत्रावर चढला होता. असे होण्याचे कारण आळस असतेच असे नाही. साहित्य नोंदवहीत शिक्षकाच्या नावावर चढते, परीक्षानळी फुटली तर हिशोब त्याला द्यावा लागतो, आणि कपाटाची किल्ली देणाऱ्यापेक्षा ती सांभाळणारा अधिक सुरक्षित राहतो. फुटलेली काच हा शिकण्याचा खर्च आहे असे वरिष्ठांनी एकदा लेखी कळवले, तर कितीतरी कपाटे उघडतील असे माझे ठाम मत आहे.

पालकांनी काय करावे, तर प्रथम प्राचार्यांना भेटून साधा आणि नेमका प्रश्न विचारावा: या वर्षी सातवीच्या वर्गाने कोणकोणते प्रयोग हाताने केले? 'प्रयोगशाळा आहे का' असे विचारल्यास 'आहे' एवढेच उत्तर मिळते. शाळेच्या यूडायस क्रमांकावरून (देशातील प्रत्येक शाळेला दिलेल्या ओळख-क्रमांकावरून) तिची माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि प्रयोगशाळा, संगणक, शिक्षकसंख्या यांची नोंद तेथे असते. ती नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर दिसले तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय घ्यावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणजे बैठक खऱ्या अर्थाने पालकांचीच असते. एवढ्याने काम झाले नाही तर संकुल प्राचार्य (आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख), त्यानंतर जिल्हा शिक्षण अधिकारी. मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 वर तक्रार नोंदवता येते, आणि दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अनुदानाचा हिशोब मागता येतो; त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. मात्र तक्रारीआधी एकदा शिक्षकांशी शांतपणे बोलावे. बरेचदा तेवढे पुरते.

शाळेत गणिताचे शिक्षकच नाहीत. हे कायद्यात बसते का?

सहावी ते आठवीपुरते बोलायचे तर बसत नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत स्पष्ट म्हटले आहे की या वर्गांसाठी विज्ञान आणि गणित, सामाजिक शास्त्रे, भाषा यांच्यासाठी किमान एकेक शिक्षक हवा आणि दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. 'विज्ञान आणि गणित' हे दोन्ही विषय कायद्याने एकाच शिक्षकाकडे दिले आहेत हे ध्यानात घ्या. त्यामुळे जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या शिक्षिकेला बीजगणित शिकवावे लागणे नियमबाह्य नाही, पण मुलांच्या दृष्टीने ते अपुरे आहे. पद रिक्त असेल तर मध्य प्रदेशात अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरते शिक्षक, नेमले जातात. त्यांची नेमणूक सत्र सुरू होऊन बराच काळ गेल्यावर झाली तर अपूर्णांक आणि बीजगणिताचा पायाच कच्चा राहतो, म्हणून जुलैमध्येच समितीकडून लेखी मागणी जावी.

आठवीच्या मुलासाठी सर्वांत उपयोगी शिष्यवृत्ती कोणती?

राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्ती, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी 12,000 रुपये, आणि देशभरात दरवर्षी एक लाख नवी मुले. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावे आणि मूल शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत असावे. केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि खासगी शाळांतील मुले यात बसत नाहीत. सातवीत किमान 55 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना पाच टक्क्यांची सवलत आहे.

परीक्षेत दोन पेपर असतात आणि प्रत्येकात 90 प्रश्न, 90 मिनिटे. पहिला पेपर बौद्धिक क्षमतेचा, तर दुसरा सातवी-आठवीच्या विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि गणितावरचा. दोन्ही पेपर मिळून 40 टक्के गुण आवश्यक आहेत, राखीव गटांसाठी 32 टक्के. मुले पहिल्या पेपरला घाबरतात, कारण संख्यामालिका आणि आकृत्यांचे प्रश्न वर्गात कोणी घेत नाही. माझा अनुभव असा की रोज दहा प्रश्न, घड्याळ लावून, तीन महिने सोडवले तर ही भीती जाते. त्यासाठी शिकवणी लावण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. ही शिष्यवृत्ती दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने नूतनीकरण करावी लागते, आणि अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीत किमान 60 टक्के गुण लागतात. नववीत पैसे मिळाले आणि दहावीत अर्जच भरला नाही, अशी मुले मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्या घरी त्या बारा हजारांची किंमत काय आहे हे मला ठाऊक असल्यामुळे फार वाईट वाटते.

इन्स्पायर-मानक म्हणजे काय? खासगी शाळेतील मूल भाग घेऊ शकते का?

हो, येथे खासगी मान्यताप्राप्त शाळांनाही मुभा आहे. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने ही योजना चालवतो. ती मुळात सहावी ते दहावीच्या मुलांसाठी सुरू झाली आणि अलीकडे बारावीपर्यंत वाढवली गेली. प्रत्येक शाळेने मुलांच्या मूळ कल्पनांतून पाच उत्तम कल्पना निवडून पोर्टलवर पाठवायच्या असतात. निवड झाली तर मॉडेल बनवण्यासाठी 10,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात आणि जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा क्रमाने प्रदर्शन होते.

बाजारातून तयार मॉडेल आणू नये. ज्वालामुखीचे मॉडेल आणि थर्माकोलची सौरमाला परीक्षकांनी हजारदा पाहिलेली असते. त्यापेक्षा घरातली अडचण पाहावी: आजीच्या औषधांच्या वेळा चुकतात, छतावरची पाण्याची टाकी वाहून जाते, पोहे साफ करताना डोळे दुखतात. कल्पना मुलाची असावी आणि ती त्याला स्वतःच्या शब्दांत समजावता यावी, एवढेच यात पाहिले जाते.

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब नाही. ती मागता येते का?

शाळेलाच अर्ज करावा लागतो. नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानातून निवडलेल्या शाळेला एकूण 20 लाखांपर्यंत अनुदान मिळते. त्यातले दहा लाख उभारणीसाठी आणि दहा लाख पुढील पाच वर्षे चालवण्यासाठी. सहावी ते बारावीच्या मुलांना तेथे सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, थ्रीडी प्रिंटर हाताळता येतात. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये अशा 50,000 प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली आहे, त्यामुळे शासकीय शाळांच्या पालक समित्यांनी आता हा विषय लावून धरावा.

मुलाच्या पुस्तकात हिंदी शब्द आणि आम्ही घरी मराठीतून शिकवतो. यात मूल गोंधळते का?

गोंधळते, आणि इंदूरच्या मराठी घरांत ही अडचण आपण समजतो त्यापेक्षा मोठी आहे. आजोबा 'अपूर्णांक' म्हणतात, पुस्तकात 'भिन्न' असते. आजोबांचा 'छेद' म्हणजे पुस्तकातला 'हर', त्यांचा 'दशांश' म्हणजे 'दशमलव', 'अवयव' म्हणजे 'गुणनखंड', 'परिमिती' म्हणजे 'परिमाप', 'उष्णता' म्हणजे 'ऊष्मा'. त्यातही 'वर्ग' हा शब्द फसवा आहे: हिंदीत तो चौरस आकृतीलाही लागतो, मराठीत आपण आकृतीला चौरस म्हणतो आणि संख्येला स्वतःनेच गुणले की वर्ग म्हणतो. मुलाला गणित येत असते, पण आजोबांचा शब्द आणि पुस्तकातला शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करून हे शब्द समोरासमोर लिहून ठेवावेत. आठ दिवसांत फरक दिसतो.

घरी मराठीत शिकवणे मात्र सोडू नये. नवे शैक्षणिक धोरण 2020 किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरते, आणि आजीने पाठ करून घेतलेली पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) आजही अपूर्णांकांची सर्वोत्तम पूर्वतयारी आहे. महाराष्ट्राच्या बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्राच्या दीक्षा या मंचावर हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांतील पाठ आणि चित्रफिती मिळतात. धड्यांचा क्रम वेगळा असला तरी त्रिकोण दोन्हीकडे तोच आहे.

अभ्याससहलीसाठी अनुदान असते म्हणता, मग शाळेने मुलांना कोठे न्यावे?

माझे उत्तर ठरलेले आहे: उज्जैनची वेधशाळा. बसने दीड तासाचा रस्ता. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या वेधशाळांपैकी ही एक, आणि तेथील सम्राट यंत्र म्हणजे दगडात बांधलेला गणिताचा धडा. मधल्या जिन्याच्या भिंतीचा उतार उज्जैनच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे 23 अंशांचा आहे, आणि तिची कड ध्रुवाच्या दिशेला रोखलेली आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवरील खुणांवरून सरकते, आणि पाच मिनिटे एका खुणेवर बोट ठेवून उभे राहिले तर सावली बोटावर चढताना डोळ्यांना दिसते.

तेथे मुलांना सावलीवरून वेळ वाचायला सांगावी. ती मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. मग विचारावे, का? भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते, उज्जैन सुमारे पावणेशहात्तर रेखांशावर आहे. अंतर पावणेसात अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे उज्जैनची स्थानिक वेळ सुमारे 27 मिनिटे मागे. उरलेला थोडा फरक तारखेनुसार बदलतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. गुणाकार, कोन, भूगोल आणि खगोल एका जागी. आठवीच्या मुलांना घेऊन मी हे अनेकदा केले आहे आणि दरवेळी 27 हा आकडा जुळला की मुले आपणहून ओरडतात.

इंदुरातच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. 1984 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात इंडस-1 आणि इंडस-2 ही देशातील सिंक्रोट्रॉन यंत्रे (इलेक्ट्रॉन अतिवेगाने फिरवून संशोधनासाठी तीव्र प्रकाश निर्माण करणारी) आहेत. अणुऊर्जा विभागाची संस्था असल्यामुळे तेथे सहज प्रवेश नसतो. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम होतात, त्यासाठी शाळेने आधीच पत्रव्यवहार करावा.

पूर्वी मध्य प्रदेशात प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा मोठा उपक्रम होता असे ऐकले आहे. त्याचे काय झाले?

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी, राज्य शासनाच्या परवानगीने, होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक शाळांत तो सुरू केला. 1978 मध्ये तो संपूर्ण होशंगाबाद जिल्ह्यात गेला आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली. मुले शेतातून रोपे आणत, लोहचुंबकाने मातीतले लोहकण वेचत, निरीक्षणे स्वतः लिहीत आणि निष्कर्ष स्वतः काढत. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची असे आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. साहित्य शासन पुरवत होते आणि शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणी बोलत. 2002 मध्ये शासनाने तो बंद केला. त्या निर्णयाने राज्याने हाती आलेली मोठी गोष्ट सोडली असे मी मानतो. आजच्या योजनांमध्ये पेट्या आहेत, पोर्टल आहेत, पण शिक्षकांची ती मासिक बैठक नाही, आणि पेटी उघडली जाण्यामागे खरे कारण ती बैठक होती.

दहावीनंतर इंदूरमध्ये शासकीय शाळेतील हुशार मुलांसाठी काही विशेष सोय आहे का?

सुपर 100 योजना आहे. शासकीय शाळांतून दहावीला उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलांची परीक्षेतून निवड होते आणि अकरावी-बारावीसाठी त्यांना भोपाळच्या सुभाष उत्कृष्ट विद्यालयात किंवा आपल्या इंदूरच्या मल्हाराश्रमात प्रवेश मिळतो. निवास आणि जेईई, नीट यांसारख्या परीक्षांची तयारी शासनाकडून होते. मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळाल्यास लॅपटॉपसाठी 25,000 रुपये मिळतात, ते वेगळे.

मुलीला अभियांत्रिकी नको, शुद्ध विज्ञान शिकायचे आहे. तिला साहाय्य मिळेल का?

अवश्य, आणि तिला अडवू नका. इन्स्पायर उच्च शिक्षण शिष्यवृत्तीत दरवर्षी 12,000 विद्यार्थ्यांना वर्षाला 80,000 रुपये मिळतात. त्यातले 60,000 रोख आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात यावे लागते आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र यांसारख्या मूलभूत विषयांत पदवीला प्रवेश घ्यावा लागतो. 1891 पासून चालू असलेले आपले होळकर विज्ञान महाविद्यालय त्यासाठी घराजवळचा उत्तम पर्याय आहे. नववी ते बारावीच्या मुलींसाठी विज्ञान ज्योती हा कार्यक्रमही 2019 पासून आहे; त्याची केंद्रे नवोदय विद्यालयांत चालतात.

एनटीएसई आणि केव्हीपीवाय या परीक्षा कधी होणार?

तयारीसाठी त्यांची जुनी पुस्तके घेण्यात पैसे घालवू नका. 1963 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 पासून स्थगित आहे आणि किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना 2022 मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. गणिताची आवड खोल असेल तर गणित ऑलिंपियाडचा पहिला टप्पा द्यावा. तो सर्व शाळांच्या मुलांना खुला आहे.

शिष्यवृत्ती मंजूर झाली, यादीत नाव आले, पण पैसे खात्यात आले नाहीत. कोठे जावे?

आधी बँकेत. बहुतेक वेळा खाते आधारशी जोडलेले असते, पण थेट हस्तांतरणासाठी, म्हणजे डीबीटीसाठी, लागणारी वेगळी जोडणी झालेली नसते, किंवा ती आईवडिलांच्या सूचनेशिवाय दुसऱ्याच बँकेतील जुन्या खात्याला झालेली असते. 'डीबीटी कोणत्या खात्याला जोडले आहे' असे शब्दशः विचारावे. त्यानंतर आधार, गुणपत्रिका, समग्र नोंद आणि पासबुक या चारही ठिकाणी मुलाचे नाव अक्षरशः सारखे आहे का ते पाहावे. मराठी घरांत येथेच घोटाळा होतो: एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर नसते, आणि आडनावातला 'कर' कधी जोडून तर कधी तोडून लिहिलेला असतो. नाव जुळवून घेतले की शाळेतील शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या शिक्षकांकडे पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्यावी आणि दिल्याची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी.